उंदरांची साडी, मांजरांचा शर्ट

वाचकहो, घरात साप्ताहिक किंवा दिवाळी अंक आला की तो कोणाकोणाच्या हातून फिरतो, हे कधी नीट पाहिले आहे का? कर्त्या पुरुषाकडे तो सर्वांत शेवटी जातो. आधी पोरे पळवतात. पोरांच्या हातून सून काढून घेते आणि तव्यावरची भाकरी उलटता उलटता दोन पाने चाळते. मग तो ओट्यावर बसलेल्या आजीकडे येतो. आजीला अक्षरओळख नसली तरी ती अंक तसाच परत करत नाही. पदराने चष्मा पुसते, एकेक पान उलटते, चित्रे पाहते. एखाद्या चित्रापाशी थांबून विचारते, "हाई काय शे?" मग कोणीतरी चित्राखालचे वाक्य वाचायचे, त्यातली गंमत तिला समजावून सांगायची आणि सांगता सांगता ती गंमत विटून जायची. विनोद समजावून सांगणे म्हणजे सोललेले केळे पुन्हा सालीत भरण्यासारखे आहे. आपल्या रावेर-यावलकडच्या मंडळींना हे अधिक सांगायला नको.

मराठीतल्या एका चित्रकाराने मात्र ही अडचणच ठेवली नाही. त्यांच्या हास्यचित्राखाली बहुधा वाक्यच नसते. जे काय आहे ते चित्रात. शाळा शिकलेल्याने पाहावे आणि न शिकलेल्यानेही पाहावे, दोघे एकाच वेळी हसणार. त्यांचे नाव शिवराम दत्तात्रेय फडणीस. चित्राच्या कोपऱ्यात सही असते ती शि. द. फडणीस अशी.

ज्या चित्राने त्यांचे नाव घरोघरी गेले, ते आधी सांगतो. १९५२ सालचा 'मोहिनी' मासिकाचा दिवाळी अंक. मुखपृष्ठावर एक तरुणी आणि एक तरुण. तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे. तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी आहे. बस्स, एवढेच. आता हे वाचून तुम्हाला हसू आले की नाही? कोणी कोणाला काही म्हटलेले नाही, आणि तरी पुढे काय होणार याची गोष्ट आपल्या डोक्यात आपोआप सुरू होते. मांजर उंदराकडे पाहणारच. कापडावरचे असले तरी पाहणार. त्या दोघांची ओळख व्हायची असेल, पण त्यांच्या कपड्यांची ओळख आधीच झालेली आहे. मी हे सांगायला पाच-सहा वाक्ये घेतली. चित्राला एक नजर पुरते.

त्या काळी दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ म्हणजे सुंदर स्त्रीचे चित्र, असा रिवाजच पडला होता. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारखे मोठे चित्रकार ती चित्रे काढत आणि लोक ती कापून, चौकटीत बसवून भिंतीला लावत. आपल्याकडे जुन्या माळवदाच्या घरांत अशी एखादी चौकट अजूनही सापडेल. त्या रांगेत हे उंदरा-मांजराचे चित्र आले आणि लोकांनी ते आनंदाने घेतले. मुखपृष्ठावर देव हवा किंवा देखणी बाई हवी, हे कोणी ठरवले होते? संपादक ठरवतात आणि वाचकांच्या नावावर खपवतात. 'मोहिनी'चे संपादक अनंत अंतरकर मात्र धाडसी होते. 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही त्यांची तीन मासिके. त्यांनी या तरुण चित्रकाराला जागा दिली आणि पुढे वर्षानुवर्षे दिली. चित्रकाराच्या चरित्रात अशा संपादकाचे नाव बारीक अक्षरात येते. ते खरे तर ठळक यायला हवे.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याच १९५२ साली आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने छापली गेली. त्या १९५१ मध्येच गेल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांचे शब्द त्या वर्षी अक्षरांत आले. त्याच वर्षी इकडे एका शिकल्या-सवरल्या माणसाने शब्द बाजूला ठेवून नुसत्या रेघेने महाराष्ट्राला हसवले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण अक्षर न येणाऱ्या माणसाला मराठी छापील पानात जागा मिळाली ती दोन्ही बाजूंनी, एवढे मला जाणवते.

फडणीस हे खेड्यातले. २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी त्यांचा जन्म झाला. हा निपाणीकडचा मुलूख, तंबाखूचा. तेव्हा तो मुंबई इलाख्यात होता, आता कर्नाटकात आहे. शिक्षण कोल्हापुरात झाले. कोल्हापूर म्हणजे आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर यांचे गाव. तिथे चित्र काढणाऱ्या पोराकडे लोक वेडा म्हणून पाहत नसत, निदान सगळे तरी नसत. पुढे ते मुंबईला सर जे. जे. कला महाविद्यालयात गेले. त्याला तेव्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणत. १९४९ मध्ये त्यांनी तिथली उपयोजित कलेची पदविका घेतली. उपयोजित कला म्हणजे जाहिराती, पुस्तकांची वेष्टने, अक्षरे, मांडणी, ज्याला बाजारात गिऱ्हाईक आहे अशी चित्रकला. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण शिक्षण पुरे होण्याआधीच त्यांचे पहिले हास्यचित्र छापून आले होते. साल १९४५, मासिक 'मनोहर', किर्लोस्करांचे. किर्लोस्करवाडीला एकीकडे लोखंडी नांगर घडत आणि दुसरीकडे 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिके. ज्या घरात तो नांगर गेला त्या घरात पाठोपाठ मासिकही जायचे, असे जुने लोक सांगतात. शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढत, त्यामुळे त्या मासिकांत चित्राचा मान होता. वीस वर्षांच्या पोराचे चित्र तिथे छापले गेले.

आता या धंद्याचे एक गणित सांगतो. ते शेतकऱ्याला चटकन कळेल. मराठी हास्यचित्रकाराचे पीक म्हणजे खरिपाचे पीक. मराठीत दिवाळी अंकाची चाल १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून सुरू झाली. तेव्हापासून लेखक-चित्रकारांचे सगळे वर्ष आश्विनाकडे तोंड करून उभे असते. आपण कपाशी लावतो तेव्हा संपादकांची पत्रे सुटतात. आपली निंदणी-कोळपणी चालू असते तेव्हा चित्रकार मुखपृष्ठाशी झटत असतो. पहिली वेचणी घरात येते तेव्हा अंक बाजारात येतो. आणि बाजार एकदाच. दिवाळी गेली की त्या अंकाचा भाव संपला. बारमाही पाणी असलेले लेखक-चित्रकार मराठीत फार थोडे. बाकी सगळी कोरडवाहू.

छपाईची तऱ्हाही तेव्हा निराळी होती. ठशांचे काम असे. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, मग पत्रा आम्लात धरायचा. रेघ नाही तिथली धातू आम्ल खाऊन टाकते, रेघ तेवढी उंच उरते आणि शाई धरते. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की ठसा तयार. दर रंगाला वेगळा ठसा, दर ठशाला वेगळा खर्च. फार बारीक जाळीदार रेघा काढल्या तर शाई साचून नुसता काळा डाग उठायचा. म्हणून त्या काळच्या चित्रकाराला काटकसर शिकावीच लागे. फडणिसांचे चित्र पाहा. रेघ एकसारखी, स्वच्छ, कुठे गिचमीड नाही. रंग सपाट आणि मोजके. पाटात जेवढे पाणी हवे तेवढेच सोडलेले आहे, कुठे फुटून वाया गेलेले नाही. ही काटकसर ठशांमुळे आली की स्वभावातून, ते कोण सांगणार? मला वाटते स्वभाव मूळचा असावा, कारण ठसे जाऊन ऑफसेटची छपाई आली तरी ती रेघ तशीच राहिली.

चित्र बिनशब्दाचे ठेवणे सोपे आहे असे मात्र कोणी समजू नये. शब्द असला की चित्रकाराला आडोसा मिळतो. चित्र फसले तरी वाक्य हसवते. शब्द काढला की सगळा भार रेघेवर. पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, नंतर कुठे वळेल आणि शेवटी कुठे अडखळून हसेल, हे सगळे चित्रकाराला आधी ठरवावे लागते. त्या मुखपृष्ठाचेच घ्या. नक्षी फार मोठी काढली तर गंमत पहिल्याच क्षणी उघडी पडते, फार बारीक काढली तर कोणाच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर गेरू-चुन्याने हत्ती-घोडे आणि दाराशी चोपदार काढायची रीत होती. त्या काढणाऱ्यालाही हेच करावे लागे. रस्त्यावरून बैलगाडीतून जाणाऱ्याला एका नजरेत कळले पाहिजे की या घरी लग्न आहे. खाली लिहून कोण वाचणार?

आणखी एक. फडणिसांच्या चित्रांत पुढारी जवळजवळ नाहीतच. व्यंगचित्र म्हटले की पुढाऱ्याचे लांब नाक आणि सुटलेले पोट, अशी आपली समजूत. तेही काम मोठे आहे. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त आपला चौकडीच्या कोटातला सामान्य माणूस उभा केला. १९६० मध्ये निघालेल्या 'मार्मिक'ने तर व्यंगचित्रावर साप्ताहिकच चालवले. पण पुढाऱ्याचे चित्र पुढाऱ्याबरोबर शिळे होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या मंत्र्याचे व्यंगचित्र आजच्या पोराला दाखवा, तो विचारेल हा कोण? उंदीर-मांजर मात्र शिळे होत नाहीत. फडणिसांची माणसे म्हणजे साधे नवरा-बायको, शेजारी-पाजारी, रस्त्यावरचे लोक. त्यात कोणाला टोचलेले नसते. काहींना हे मिळमिळीत वाटते. मला तसे वाटत नाही. कोणाचाही अपमान न करता हसवणे हे टोचून हसवण्यापेक्षा कठीण आहे, हे ज्याने भरल्या घरात चार भावांचे हसे-रुसे सांभाळले आहे त्याला पटेल.

त्यांच्या चित्रांची 'हसरी गॅलरी' नावाची प्रदर्शने झाली, त्याच नावाचे पुस्तकही आहे. पुढे 'चित्रहास' या नावाने ते रंगमंचावर कार्यक्रम करू लागले. पडद्यावर चित्रे दाखवायची, लोकांपुढे प्रत्यक्ष रेघ ओढायची आणि चित्र कसे सुचते ते बोलायचे. पत्नी शकुंतला फडणीस या स्वतः लेखिका. घर पुण्यात. 'रेषाटन' नावाने त्यांनी आपल्या आठवणीही लिहिल्या. बक्षिसे आणि मानसन्मान पुष्कळ मिळाले, त्यांची यादी इथे देत बसत नाही.

मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते वेगळेच आहे, आणि ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे. फक्त कोणाचे ते माहीत नसेल. बालभारती, म्हणजे महाराष्ट्राचे पाठ्यपुस्तक मंडळ, १९६७ मध्ये स्थापन झाले. नंतरच्या काळात, सत्तरच्या दशकात, प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत फडणिसांची चित्रे आली.

गणित आणि हास्यचित्रकार! ज्याला ही जोडी सुचली त्याला धन्यवाद द्यायला हवेत. गणिताचे पुस्तक तोवर म्हणजे आकड्यांची पेंड. पोराने उघडायचे ते छडीच्या धाकाने. त्यात एकाएकी हसरी माणसे आणि हसरी जनावरे येऊन बसली. बेरीज म्हणजे काय? इकडचे आणि तिकडचे एकत्र आले. वजाबाकी म्हणजे? होते त्यातून काही निघून गेले. हे शब्दांनी सांगायला गुरुजींचा घसा बसतो. चित्रात पोर ते डोळ्यांनी पाहते.

आता आपल्या खानदेशाच्या दृष्टीने याचा विचार करा. साक्री, शिरपूर, पारोळा, अमळनेर इथल्या खेड्यांत पहिलीत जाणारे पोर घरी अहिराणी बोलते. सातपुड्याच्या पायथ्याला ते भिलोरी किंवा पावरी बोलते. घरात कोणी लेवा बोली बोलते, कोणी गुजरी. शाळेत मात्र पुस्तक पुण्याच्या मराठीत. 'आहे' आणि 'शे' यांत अडकलेल्या पोराला गुरुजी विचारतात, "बास्केटमध्ये किती फळे उरली?" पोर गप्प. गुरुजींना वाटते याला गणित येत नाही. वाटेत भाषा आडवी पडलेली असते. आपल्या पिढीतली कितीतरी हुशार पोरे या एका दगडाला ठेचकाळून गुरांमागे गेली.

चित्राला ही आडकाठी नाही. चित्र अहिराणीत पाहिले तरी तेच, पावरीत पाहिले तरी तेच. ज्याने आयुष्यभर बिनशब्दाने सांगायचा सराव केला, त्याचीच चित्रे बोलींच्या मुलखातल्या पोरांच्या पुस्तकात यावीत, याहून चांगले काय झाले असते? पुण्या-मुंबईच्या पोरांना त्या चित्रांनी हसवले असेल. आपल्या पोरांना त्यांनी हसवले आणि वाटही दाखवली, असे मी म्हणेन.

तुमची नातवंडे मोबाइलवर डोरेमॉन पाहतात. तो निळा मांजरासारखा यंत्रपुतळा मूळचा जपानचा. हिरोशी फुजिमोतो या चित्रकाराने १९६९-७० च्या सुमारास तो काढायला सुरुवात केली. जपानात चित्रांतून गोष्ट सांगण्याला मांगा म्हणतात आणि तिथे हा केवढा तरी मोठा धंदा आहे. मुलांसाठी चित्रगोष्टींची साप्ताहिके १९५९ पासून निघू लागली. आपल्याकडे चित्रकाराला वर्षातून एक हंगाम, तिकडे दर आठवड्याला कापणी. मदतनीस हाताशी घेऊन रात्रंदिवस पाने काढायची. ओसामू तेझुका हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. जन्म १९२८, मृत्यू १९८९. हा माणूस शिकून डॉक्टर झाला आणि दवाखाना न थाटता चित्रे काढत बसला. आपल्या भगवान बुद्धाचे चरित्रही त्याने हजारो पानांच्या चित्रगोष्टीत सांगितले आहे. माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ मध्ये, महायुद्धानंतरच्या हलाखीत, एका गावच्या वर्तमानपत्रात चार चौकटींची गोष्ट सुरू केली. नायिका एक साधी गृहिणी, तिचे माहेर, तिचा नवरा, तिची पोरे. पुढे ती मोठ्या वर्तमानपत्रात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. तिकडच्या चित्रांत फुग्यांमध्ये शब्द असतात, गोष्ट लांबत जाते. आपल्या फडणिसांचे एकच चित्र आणि त्यात सुरुवात, मध्य, शेवट सगळे. दोन्ही शेतीच, पिके वेगळी.

हे सगळे आज लिहायला कारण झाले ते एक पत्र. चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांनी लिहिले आहे. नाव छापू नका म्हणतात, छापत नाही. शेत साडेतीन एकर, त्यात कपाशी. मुलगा आठवीत. वह्या-पुस्तकांच्या सगळ्या मोकळ्या जागा चित्रांनी भरल्या आहेत. आता गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने बैल काढतो. आईने दोनदा भिंत सारवली, त्याने तिसऱ्यांदा काढले. वडील विचारतात, 'याला मारावे की शिकवावे, आणि शिकवले तर त्यावर पोट भरते का, ते खरे सांगा.'

खरेच सांगतो, जिभाऊ. मारू नका. मारून चित्र जात नाही, फक्त पोर लपवायला शिकते.

पोटाचे उत्तर मात्र सरळ नाही. वसंत सरवटे हे मराठीतले थोर व्यंगचित्रकार, पण व्यवसायाने ते इंजिनिअर. सिमेंटच्या कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि चित्रे त्या जोडीने काढली. लक्ष्मणांना वर्तमानपत्राचा पगार होता. याच लक्ष्मणांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, हेही जाता जाता सांगून ठेवतो. म्हणजे उद्या एखाद्या परीक्षेत तुमचा मुलगा नापास झाला तर लगेच रंगपेटी चुलीत घालू नका. फडणीस चित्रावरच जगले, पण त्यांनी आधी उपयोजित कलेची पदविका घेतली होती. मुखपृष्ठ, पाठ्यपुस्तक, प्रदर्शन, कार्यक्रम अशी पिके त्यांनी आळीपाळीने घेतली. एकाच पिकावर विसंबून राहिले नाहीत. नुसता दिवाळी अंक धरून बसणाऱ्याचे हाल होतात. आता कोणी म्हणेल, चित्रात हमी नाही. कपाशीत आहे का? बोंडअळीच्या सालांचा अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे.

आपल्या मातीतल्या पोराला हे जमत नाही, असे तर मुळीच म्हणू नका. फडणिसांच्याच सालचे, १९२५ चेच, धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार घ्या. वडील सुतारकाम-लोहारकाम करणारे. श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी पोराच्या हातातला गुण ओळखला आणि मुंबईची वाट दाखवली. तेही जे. जे. मध्येच शिकले. काही वर्षे त्यांनी वेरूळ-अजिंठ्याच्या जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. पुढे गुजरातेत नर्मदेकाठी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा त्यांच्या घडणीचा उभा राहिला. त्याचे अनावरण २०१८ मध्ये झाले. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले. फडणिसांनीही २९ जुलै २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण केली. एकाचे काम डोंगराएवढे, दुसऱ्याचे तळहाताएवढे. दोघेही खेड्यातले, आणि दोघांच्याही वाटेत वेळेवर कोणीतरी भेटले. सुतारांना गुरुजी भेटले, फडणिसांना संपादक भेटले.

तुमच्या मुलाला कोण भेटणार? पहिला माणूस शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. त्याला गाठा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन चित्रकलेच्या परीक्षा असतात, त्यांचे अर्ज शाळेतूनच भरले जातात. एलिमेंटरी आधी, इंटरमिजिएट नंतर. इंटरमिजिएट चांगल्या श्रेणीत गेली तर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि पुढे कलाशिक्षणाला तिचा उपयोग होतो. नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा चालू वर्षाचे शाळेत विचारून घ्या. शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नसेल, आणि पुष्कळ शाळांत नसतो, तर तालुक्याच्या मोठ्या शाळेत जाऊन विचारा. पुढच्या शिक्षणाला मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. रावेर तालुक्यात खिरोद्यासारख्या गावी चित्रकला शिकवणारी संस्था आहे, जळगावातही सोय आहे. खिरोद्याच्या शेजारीच फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. गांधीजींनी बंगालहून नंदलाल बसूंना बोलावून घेतले, आणि त्यांनी इथल्याच बांबूने आणि साध्या गावठी साहित्याने सगळे नगर सजवले. तेव्हा चित्रकला ही शहरातली चैन आहे, हे निदान आपल्या जिल्ह्यात तरी कोणी बोलू नये.

मुलाच्या हाती फार महागडे रंग लगेच देऊ नका. चित्रांची वही, दोन पेन्सिली, एक काळ्या शाईचे पेन. रोज गोठ्यातले एक जनावर बघून काढायला सांगा. आठवणीतून काढलेला बैल सगळ्यांचा सारखाच येतो, बघून काढलेला बैल तुमचा असतो. आणि त्याला सांगा की खाली काही न लिहिता काढ. मग ते चित्र आजीला दाखवायचे. आजीने "हाई काय शे?" विचारले तर पुन्हा काढायचे.

एक शंका मनात आली ती लिहूनच टाकतो. भिंतीवर कोळशाने काढणारी मुलगी असती, तर हे पत्र आले असते का? की भिंत सारवायचे काम तिलाच लावले असते? ज्यांच्या घरी अशी मुलगी असेल त्यांनीही लिहावे. वर सांगितलेल्या परीक्षा मुलींनाही आहेत, आणि त्या जपानच्या हासेगावाबाई मी उगाच आणल्या नव्हत्या.

शेवटी एक विनंती. सत्तर-ऐंशीच्या दशकात जे प्राथमिक शाळेत होते, त्यांच्या घरी माळ्यावर, कणगीमागे किंवा जुन्या पेटीत त्या काळचे पहिली-दुसरीचे गणिताचे पुस्तक उरले असेल, तर ते रद्दीत घालू नका. पाने सुटली असतील तर दोऱ्याने शिवून ठेवा, वाळवी लागली असेल तर उन्हात धरा आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. नातवंडांना आणि आजीला शेजारी बसवून ते एकदा दाखवा. आधी कोण हसले, ते मला कळवा.